वरचा कप्पा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, छंदांविषयीच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, की तुझ्या कॉम्प्युटरचं काही बोलू नकोस. ज्यांना त्यातलं कळत नाही ते कंटाळतील, आणि ज्यांना कळतं ते त्यापासून दोन दिवस सुटका म्हणूनच चिपळूणला येतायत. मग बोलू काय, तर म्हणे, "तुझ्या कॅमेऱ्याच्या सॅकबद्दल बोल. ग्रुपवर सगळे तेच विचारतात." खरं आहे ते. ग्रुपवर मी फोटो टाकला की पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कुठला? दुसरा, सॅक कुठली? फोटो कसा आलाय हे गेल्या तीन वर्षांत फक्त आपल्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलंय, आणि तेही क्षितिज तिरकं आहे म्हणून.

तर सॅक. घरच्यांबरोबर प्रवासाला जाताना कॅमेऱ्याची सॅक कशी निवडावी यावर मी पंधरा मिनिटं बोलणार आहे. हा विषय पंधरा मिनिटांचा आहे का, असं ज्यांना वाटतंय त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारावं. त्याच्या मते तो सात वर्षांचा आहे.

मी इंजिनिअर आहे. म्हणजे कुठलीही वस्तू घेण्याआधी तक्ता करते. २०१६ साली मला सॅक घ्यायची होती तेव्हा मी एक्सेलमध्ये २३ सॅकांचा तक्ता केला. प्रत्येकीपुढे १४ रकाने. किती लिटर, रिकामी किती किलो, लेन्स किती मावतात, लॅपटॉप किती इंची, ट्रायपॉड मधोमध बांधायचा की बाजूला, पावसाचं कव्हर बरोबर येतं की वेगळं घ्यावं लागतं. प्रत्येक रकान्याला गुण, गुणांना वजन, शेवटी बेरीज. नवरा म्हणाला, फ्लॅट घेताना तू एवढं केलं नव्हतंस. जिला सगळ्यांत जास्त गुण पडले ती सॅक घेतली. काळी, भक्कम, तीस लिटरची, आतून पूर्ण फोमचे कप्पे. एकही जागा अशी नाही की जिथे कॅमेऱ्याशिवाय दुसरं काही ठेवता येईल. तेव्हा मला ते तिचं वैशिष्ट्य वाटलं होतं.

तिच्यात काय होतं ते सांगते. कॅमेरा ८०० ग्रॅम. रोजची २४-७० लेन्स ८०० ग्रॅम. लांबचं टिपायची ७०-२०० लेन्स दीड किलो. रुंद लेन्स साडेसहाशे, जवळचं टिपायची सहाशे. फ्लॅश ४०० ग्रॅम. ट्रायपॉड पावणेदोन किलो. लॅपटॉप दीड किलो, कारण रात्री फोटो उतरवायचे असतात. आणि सॅक स्वतः दोन किलो. बेरीज करा. माझ्या रोजच्या कामात बेरीजच असते, पण ही मी कधी केली नव्हती. ती बरोबर दहा किलो होते. माझं वजन तेव्हा ५६ किलो. शाळेच्या दप्तराबद्दल केंद्र सरकारचं २०२० चं धोरण आहे, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. मी घरी मुलीचं दप्तर काट्यावर ठेवून शाळेला चिठ्ठी लिहिणारी बाई, आणि माझ्या पाठीवर अठरा टक्के.

आता २०१७ चा डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत आम्ही अजिंठ्याला गेलो. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती, मधुमेह बारा वर्षांचा, सकाळी नाश्त्याबरोबर गोळी. आम्ही औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, उतरलो होतो. तिथून शंभरेक किलोमीटर. सकाळी निघालो आणि अजिंठ्याच्या फाट्यावर पोचलो. तिथे खासगी गाड्या थांबवतात, आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. गाडीतून उतरताना आईनं तिची कापडी पिशवी हातात घेतली. त्यात तिची बिस्किटं, पाण्याची बाटली, शाल. मी म्हटलं, वर चढायचंय, हातात ओझं कशाला? मग तिनं विचारलं, "तुझ्या त्या सॅकेत टाकतेस का?"

मी म्हटलं, "जागा नाही गं."

पिशवी गाडीच्या डिकीत राहिली. पाण्याची एक बाटली नवऱ्याच्या हातात.

अजिंठ्यात फ्लॅश वापरू देत नाहीत, ट्रायपॉडही लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे अंधाऱ्या लेण्यात फोटो घ्यायला वेळ लागतो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दी हटेपर्यंत मी पाऊण तास उभी राहिले. बाकीचे तिघे बाहेर पायरीवर. मग दुसरं, मग सोळावं, सतरावं. मला सव्विसाव्या लेण्यातला पहुडलेला बुद्ध हवा होता, महापरिनिर्वाणाचा, सात मीटर लांबीचा. लेणी घोड्याच्या नालासारखी वळत जातात, आणि सव्विसावं पार दुसऱ्या टोकाला. साडेबाराला खाली उतरून जेवायचं ठरलं होतं. दीड वाजून गेला तरी मी म्हणत होते, हे एवढंच.

सतराव्याच्या पुढे, वाटेवर, मुलगी मागून ओरडली, "आई, आजी कशीतरी करतेय." आई कठड्याला टेकली होती. घामानं निथळलेली, हात थरथरतायत, आणि माझ्याकडे बघून तिनं माझ्या मावशीचं नाव घेतलं. मला ओळखलं नाही तिनं. साखर उतरलीय हे कळायला मला दोन सेकंदही लागले नाहीत, कारण घरी एकदा हे झालं होतं. पण करू काय? मी सॅक खाली टाकली आणि चेनी उघडल्या. एकेक कप्पा. लेन्स, लेन्स, लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, काच पुसायचा कपडा. दहा किलो सामान, आणि त्यात साखरेचा एक दाणा नाही. बिस्किटं चार किलोमीटरवर डिकीत.

नवरा खाली पळाला. तेवढ्यात मागून एका शाळेची सहल आली. निळा-पांढरा गणवेश, जोडीजोडीनं चाललेली पोरं, मागे एक शिक्षिका. त्यांनी एका नजरेत ओळखलं. खांद्याच्या पिशवीतून ग्लुकोजचा डबा काढला, आमच्याच बाटलीच्या झाकणात कालवला आणि आईच्या ओठांना लावला. "हळूहळू प्या, आजी." दोन झाकणं, तीन झाकणं. दहा-पंधरा मिनिटांनी आईच्या चेहऱ्यावर रंग आला. पोरं तोवर वाटेच्या कडेला ओळीत बसून राहिली होती. मी त्या बाईंचं नाव विचारलं नाही, कुठली शाळा तेही विचारलं नाही. आभार तरी नीट मानले का, आठवत नाही.

इथे मला आपली सहल सांगायलाच हवी. नववीतली, १९९३ च्या हिवाळ्यातली, तीही अजिंठ्याचीच. लाल एसटी, कुंभार्ली घाटात अर्धी गाडी खिडकीबाहेर. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तुमची ती खाकी पिशवी मला जशीच्या तशी आठवते. तिच्यात लिंबं होती, आल्याच्या वड्या, ग्लुकोज, कापूस, टिंक्चर, सेफ्टी पिना, जुनी वर्तमानपत्रं आणि सुईदोरा. सुईदोरा कुणासाठी लागला होता ते मी सांगणार नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्या सहलीत कॅमेरा एकच होता, सरांचा, आणि छत्तीस फोटोंचा एकच रोल. मी त्या दिवशी सतराव्या लेण्याबाहेर बसले होते, माझ्या समोर चार लेन्स पसरलेल्या होत्या, आणि मला आठवत होती ती खाकी पिशवी.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "तुझा झोपलेला बुद्ध राहिला ना?" मी काही बोलले नाही. डोली करून तिला खाली आणलं आणि जेवलो. त्या बुद्धाचा फोटो माझ्याकडे आजही नाही.

पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मला समोर बसवून सांगितलं. साखर उतरली आणि माणूस शुद्धीत असला, गिळता येत असलं, तर पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यायचं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. मी म्हटलं, आता सॅकेत चिक्की ठेवीन. ते म्हणाले, चिक्की नको, शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. चिक्की नंतर खा.

मग मी तो तक्ता पुन्हा उघडला. १४ रकाने, आणि त्यांत माणसाचा एकही नाही. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. प्रोग्रॅम उत्तम चालतो, एकही चूक नसते, फक्त ज्याला वापरायचा त्याला काय हवं हे कुणी विचारलेलं नसतं. मी नवा तक्ता केलाच नाही. एका कागदावर लिहिलं, की चालता चालता, दहा सेकंदांत, सॅक खाली न ठेवता कायकाय हाताशी यायला हवं. पहिलं, आईचा डबा. दुसरं, पाणी. तिसरा, कॅमेरा. बाकी सगळं थांबू शकतं. या एका यादीनं २३ पैकी १९ सॅका बाद झाल्या.

उरलेल्यांमध्ये दोन मजली सॅका होत्या. खालचा अर्धा भाग फोमचा, कॅमेऱ्यासाठी. वरचा कप्पा साधा, रिकामा, शाळेच्या दप्तरासारखा. हीच घ्या, असं मी तुम्हाला सांगेन. मधला पडदा काढता येणारा असला तर आणखी चांगलं, म्हणजे कॅमेरा घरी ठेवून तीच सॅक लग्नाला नेता येते. आकार वीस-बावीस लिटर, त्याहून मोठी नको. तीस लिटरची घेतलीत तर ती तुम्ही तीस लिटर भरणार. रिकाम्या सॅकचं वजन सव्वा-दीड किलोच्या आत. आणि ज्यांना नवी सॅक घ्यायची नाही त्यांच्यासाठी फोमची नुसती पेटी मिळते, कप्प्यांसह. ती कुठल्याही सॅकेत, अगदी मुलाच्या जुन्या दप्तरातही, तळाशी बसते. मी आधी सुरुवात तीच केली असती तर पैसे वाचले असते.

सॅक उघडते कुठून, याच्याकडे लोक बघत नाहीत. बहुतेक समोरून उघडतात, म्हणजे पाठीला लागणारी बाजू जमिनीवर टेकवावी लागते. मार्च २०१९ मध्ये आम्ही वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गेलो. पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो, तर खाली ओली वाळू. ज्यांच्या सॅका समोरून उघडत होत्या त्यांनी त्या वाळूत टाकल्या, मग तीच वाळू दिवसभर पाठीला आणि मानेला. माझी पाठीच्या बाजूनं उघडते, त्यामुळे बाहेरची बाजू खाली जाते आणि पट्टे कोरडे राहतात. शिवाय दादरच्या पुलावर मागून कुणी चेन उघडू शकत नाही, कारण चेन माझ्या पाठीला चिकटलेली असते. कॅमेऱ्यासाठी बाजूला एक वेगळी चेन हवी. एक पट्टा खांद्यावरून काढायचा, सॅक पुढे फिरवायची, कॅमेरा हातात. वेळासला पिल्लं पाण्याकडे निघाली तेव्हा मी चाळीस सेकंदांत चार फोटो काढले आणि कॅमेरा परत ठेवला. मग आईचा हात धरून उभी राहिले, कारण तिला वाळूत तोल सांभाळता येत नव्हता.

मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. बऱ्याच सॅका उंच पुरुषांच्या मापाच्या असतात. कमरेचा पट्टा आपल्या पोटावर येतो. तो कमरेच्या हाडावर बसायला हवा, म्हणजे वजन खांद्यावरून कंबरेवर उतरतं. छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकवता यायला हवा, कारण का ते सांगायला नको. दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात बघू नका. तांदळाच्या एकेक किलोच्या पाच पिशव्या घेऊन जा, भरा, आणि दुकानाचा जिना चार वेळा चढा-उतरा. दुकानदार हसेल. माझा हसला, मग त्यानं स्वतः खुर्ची आणून दिली.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट. पावसाळ्यात कॅमेरा सॅकेत ठेवून सॅक कपाटावर टाकू नका. मी २०१६ च्या पावसाळ्यात महिनाभर माहेरी तसंच केलं. फोम ओलावा धरतो. श्रावणात बघते तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. सॅक ही प्रवासापुरती. घरी आल्यावर कॅमेरा स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. दमट हवा मोजायचा छोटा काटा मिळतो, तो चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की झालं. आणि पावसाचं कव्हर दिलंय म्हणून सॅक पाण्यात बुडाली तरी चालेल असं नाही. कोकणातला पाऊस खालूनही येतो. आत एक साधी प्लॅस्टिकची पिशवी ठेवा.

विमानानं जाणार असाल तर देशातल्या बहुतेक उड्डाणांत हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्याच सामानात लागतात, मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत. शंभर वॉट-तासांपर्यंत परवानगी विचारावी लागत नाही. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचं. विज्ञानाचे सर असते तर म्हणाले असते, बघ, शेवटी उपयोग झाला. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम सात वॉट-तासांची आहे, वीस हजारांची पॉवर बँक ७४. दारात कुणी सॅक काढून घेतली तर आधी बॅटऱ्या बाहेर काढा.

हे सगळं मावावं म्हणून मला ७०-२०० लेन्स विकावी लागली. फार जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. ज्याला विकली त्याला मी दोनदा फोन करून विचारलं होतं, नीट वापरतोस ना. पाखरांचे फोटो आता मला काढता येत नाहीत. कुणी रानात, एकट्यानं, पाखरांसाठीच जाणार असेल तर त्यानं माझं काही ऐकू नये. मोठी सॅक घ्यावी, सगळ्या लेन्स घ्याव्यात. मी बोलतेय ते ज्यांच्या बरोबर आई-वडील किंवा पोरं आहेत त्यांच्यासाठी. आता माझ्याकडे आरसा नसलेला छोटा कॅमेरा आहे, ४०० ग्रॅमचा, आणि दोन लेन्स. बॅटऱ्यांसकट सगळं सव्वा किलोच्या आत. सॅक सव्वा किलो. पाणी भरलेली बाटली अकराशे ग्रॅम. आईची शाल, मुलीचं जाकीट, खाऊ, पॉवर बँक आणि आईचा डबा धरून सगळं साडेपाच किलोच्या आत. माझ्या वजनाच्या दहा टक्के. माझं वजन आता थोडं वाढलंय, त्यामुळे हिशेब अधिकच बरोबर येतो.

आई आता शहात्तर वर्षांची आहे. चढ चढत नाही. पण निघताना अजूनही माझ्या सॅकेचा वरचा कप्पा स्वतः उघडून बघते, डबा आहे की नाही. मला त्याचा राग येत नाही. तो हक्क तिला मीच दिला, "जागा नाही" म्हटलं त्या दिवशी.

माझी सॅक मी आज आणली आहे, मागच्या खुर्चीवर आहे. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी चहाच्या वेळी पाठीवर घालून बघा, पट्टे हवे तसे सैल करा, चेनी उघडा. कंपनीचं नाव त्यावर लिहिलेलं आहे, मी सांगत बसत नाही. खालच्या कप्प्यातला कॅमेरा मात्र हळू हाताळा, कारण दुपारी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा आहे. आणि बाई, जेवणाला उशीर होणार असं आत्ताच कळलंय. वरच्या कप्प्यात ग्लुकोजचा डबा आहे, शेजारी लिंबंही आहेत.